कायद्याची पदवी आणि सराफ्यातील एक घर

रात्री आठ-साडेआठच्या सुमारास इंदूरच्या सराफ्यातील पेढ्यांची दारे ओढली जाऊ लागतात आणि त्याच ओटल्यांवर खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. दिवसा जेथे गुंजभर सोन्यासाठी काटा स्थिर होण्याची वाट पाहिली जाते, तेथे रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू यांसाठी माणसे ताटकळत उभी असतात. गेल्या हिवाळ्यात अशाच गर्दीत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटला. त्याच्या घराण्याची पेढी तेथून हाकेच्या अंतरावर आहे. बी. कॉम. झाल्यावर गादीवर न बसता त्याने कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला होता, आणि आता तो शेवटच्या वर्षात होता. कुशल विचारताच म्हणाला, “सर, घरात महिनाभर माझ्याशी कोणी धड बोलत नाही.”

प्रकरण असे होते. आजोबा मृत्युपत्र न करता निवर्तले. पेढीवरचे राहते घर पाडून नवे बांधावे असे वडिलांनी व काकांनी ठरविले. देवासला दिलेल्या आत्याकडून हक्कसोडपत्र घ्यायचे. बहिणीने भावांच्या हिश्श्यात वाटा मागावयाचा नसतो, हा आपल्याकडचा अलिखित रिवाज. घरात पोरगा वकिली शिकतो आहे, मग बाहेर पैसे कशाला द्या, म्हणून मसुदा लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने मसुदा लिहिला; पण आत्याकडे नेला तेव्हा म्हणाला, “आत्या, मी आधी वाचून दाखवतो. पटलं तरच सही कर.”

एवढ्याच वाक्यावरून घरात वादळ उठले. वडिलांचे म्हणणे, “तुला आम्ही शिकवलं ते आमच्याच घरात दुफळी माजवायला का?”

आम्ही त्याला त्या रात्री काही समर्पक उत्तर देऊ शकलो नाही. उलट आम्हांस थोडी लाजच वाटली. हुशार मुलांना अभियांत्रिकीकडे किंवा वैद्यकाकडे धाडावे आणि ज्याचे कोठेच काही जमत नाही त्याला ‘एलएल. बी. करून टाक’ असे सांगावे, हा सल्ला आम्हीही अनेकांना दिला आहे. या मुलालाही जवळजवळ तोच दिला होता.

कायदा म्हणून पाहिले तर प्रश्न अवघड नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यान्वये मृत्युपत्राविना निवर्तलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वारस ठरते. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. आणि दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. आत्याला हक्क सोडावयाचा असेल तर ती खुशाल सोडू शकते. मात्र आपण काय सोडीत आहोत हे तिला ठाऊक असले पाहिजे. मुलाने केले ते इतकेच. (आम्ही स्वतः मुख्याध्यापक या नात्याने दिवसाकाठी कितीतरी कागदांवर सह्या करतो, ते सारे वाचून करतो असे छातीठोकपणे सांगवणार नाही.)

कायद्याचे शिक्षण पदवीधराच्या हाती सनद देते, त्याच्या आधी त्याला ही खोड लावते. पुराव्याच्या कायद्यात पहिला धडा असतो तो पाहिलेले आणि ऐकलेले यांतील फरकाचा. या मुलाच्या शिक्षणाच्या मध्यावरच, १ जुलै २०२४ रोजी, १८७२ चा पुरावा अधिनियम जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आली. बिचाऱ्याला जुनी-नवी दोन्ही कलमे पाठ करावी लागली. पण ऐकीव गोष्टीवर विसंबू नये हे तत्त्व कलमांचे आकडे बदलले म्हणून बदलले नाही.

आपल्या समाजात कायदा शिकून वकिली न केलेल्यांचीही मोठी परंपरा आहे. लोकमान्यांनी १८७९ साली एलएल. बी. केली आणि पुढच्याच वर्षी ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. येथून जवळच महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण त्या पाण्यावरील हक्काचा दावा महाडच्या न्यायालयापासून मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत चालत राहिला आणि १९३७ साली निकाली निघाला. दहा वर्षे चिकाटीने कागद लढविणे हाही सत्याग्रहच होय. आमच्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन यांनी संसार सांभाळून येथील विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, आणि २०१४ ते २०१९ या काळात त्या लोकसभेच्या अध्यक्षस्थानी होत्या.

तथापि, पदवी मिळाली की दृष्टीही आपोआप येते असे कोणी समजू नये. शाहबानो प्रकरण याच इंदुरात १९७८ साली दंडाधिकाऱ्यांपुढे सुरू झाले. वृद्ध पत्नीला पोटगी नाकारणारा तिचा पती स्वतः वकील होता. खालच्या न्यायालयाने दरमहा अवघे २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि पती सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने त्याचे अपील फेटाळले. पुढे १९८६ साली संसदेने निराळा कायदा केला, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

याच चंद्रचूडांची दुसरी एक हकीकत आम्ही नंतर त्या मुलाला मुद्दाम सांगितली. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, जबलपूरच्या गाजलेल्या खटल्यात स्थानबद्ध नागरिकाला न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या बहुमतात तेही होते. एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधी मत नोंदविले. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात तो निर्णय चुकीचा होता असे जे निकालपत्र म्हणते, ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. पित्याचा अनादर झाला असे कोणाही समंजस माणसाने म्हटले नाही. मुलगा ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, पण त्यांना त्याच घरात रात्री जेवायचं नव्हतं.” यावरही आमच्याजवळ उत्तर नव्हते.

राहता राहिला पोटापाण्याचा प्रश्न. पदवीनंतर जबलपूरच्या राज्य वकील परिषदेत नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. त्यानंतर अखिल भारतीय वकील परीक्षा. खरा कस लागतो तो ज्येष्ठांच्या हाताखालील उमेदवारीत. नवशिक्या वकिलास शहरात दरमहा किमान २० हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. पण शिफारस ती शिफारसच. पदवी हाती पडताच न्यायाधीशपदाच्या परीक्षेस बसू पाहणाऱ्यांसाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पालकांना ती जाचक वाटते. आम्हांस ती योग्य वाटते. ज्याने अशिलाच्या डोळ्यांतील भीती पाहिली नाही त्याने निवाड्याच्या खुर्चीवर बसण्याची घाई करू नये.

मध्यंतरी तो मुलगा पुन्हा भेटला. मसुदा हिंदीत होता. त्याने आत्याला तो मराठीत समजावून सांगितला. तिने एवढेच विचारले, “मला नाही म्हणता येतं, हे इतक्या वर्षांत मला कोणीच कसं सांगितलं नाही रे?” तिने अद्याप सही केलेली नाही, नकारही दिलेला नाही. घर पाडण्याचे काम थांबले आहे. काका अजून अबोला धरून आहेत.

वडील मात्र बोलू लागले आहेत. हॉलमार्कच्या क्रमांकावरून एका गिऱ्हाइकाशी तंटा उद्भवला होता, तेव्हा त्यांनी गादीवरूनच हाक मारली, “अरे, जरा खाली ये, हा कागद बघ.” तो खाली गेला, आणि कागद हातात घेऊन आधी गिऱ्हाइकाचे म्हणणे काय ते विचारू लागला. वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्यांनी त्याला थांबविले नाही.