चुना, लिंबू आणि अमाइने

नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीच्या बाजूने कधी गेलात, तर नाक जागे ठेवून जा. मिऱ्यांचा तिखट वास, तंबाखूचा उग्र दर्प, पोत्यांतल्या सुपारीचा कोरडा वास. आणि जवळपास कोणी मासळी विकत असेल, तर तो दुरूनच ओळखू येणारा वास. यांतील तंबाखू, सुपारी आणि मासळी ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांची नातलग आहेत. तिघांतही ‘अमाइन’ वर्गाची संयुगे असतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो. पण उकळबिंदू आणि बाष्प यांचा विषय निघाला की ती हद्द आमचीही असते. तेव्हा ही घुसखोरी रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी चालवून घ्यावी.

आधी एक सोपा प्रयोग पाहू. तो शिक्षकांच्या देखत, उघड्या खिडकीजवळ करावा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर चिमूटभर घ्या. तो हुंगून पाहा, जवळजवळ वास नाही. आता बशीत त्यात तेवढाच ओला चुना मिसळा. लगेच नाकाला झोंबणारा वास सुटेल. बशीवर मुद्दाम नाक नेऊ नका. हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद त्यावर धरलात, तर तो तांबूस होईल. त्याच कागदावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका, म्हणजे तो पुन्हा पिवळा दिसेल.

काय झाले? नवसागर म्हणजे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून बनलेला क्षार. त्यात अमोनियाच्या रेणूने आम्लाकडून एक प्रोटॉन घेतलेला असतो, त्यामुळे त्यावर विद्युतभार असतो. भारित कण स्फटिकात जखडलेले असतात, ते उडून नाकापर्यंत येत नाहीत. चुना हा अधिक प्रबळ आम्लारी. तो प्रोटॉन काढून घेतो आणि अमोनिया मोकळा होतो. लिंबातले सायट्रिक आम्ल त्याला प्रोटॉन परत देते, की तो पुन्हा बांधला जातो. चुना सोडवतो, लिंबू बांधते: एवढे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अमोनियाच्या रेणूत एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले असतात. यांपैकी एकाच्या जागी कार्बनी गट आला, तर प्राथमिक अमाइन. दोघांच्या जागी आला, तर द्वितीयक. आणि तिन्ही गेले, तर तृतीयक. १८४९ साली फ्रान्समध्ये वूर्ट्झ यांनी साधी अमाइने प्रथम तयार केली. त्यांचा वास इतका अमोनियासारखा होता की फसगत सहज व्हावी. पण हा वायू पेट घेई. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये काम करणाऱ्या हॉफमन यांनी अमाइने ही अमोनियाचीच अपत्ये आहेत हे दाखवून दिले.

येथे परीक्षेत हमखास होणारा एक घोटाळा सांगतो. अल्कोहोलांचे वर्गीकरण करताना आपण हायड्रॉक्सिल गट कोणत्या कार्बनवर आहे ते पाहतो. अमाइनांत मात्र नायट्रोजनला किती कार्बन चिकटले आहेत तेच मोजायचे. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल द्वितीयक. पण आयसोप्रोपिलअमाइन प्राथमिक.

नावांचे नियम फार अवघड नाहीत. जुन्या पद्धतीत गटांची नावे सांगून शेवटी ‘अमाइन’ म्हणायचे: मेथिलअमाइन, डायमेथिलअमाइन, ट्रायमेथिलअमाइन. नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत सर्वांत लांब कार्बनसाखळी मुख्य धरतात आणि नायट्रोजनवरच्या इतर गटांआधी ‘एन’ हे अक्षर लावतात, जसे एन-मेथिलएथेनअमाइन. पण रूढ नावांत जी गोडी आहे ती या नियमांत नाही, असे माझे मत. नीळ आणि दाहक पोटॅश तापवून फ्रिट्झ्शे यांनी १८४० साली एक तेलकट द्रव मिळवला व त्याला ‘अनिलीन’ म्हटले. हा शब्द संस्कृतातील ‘नील’वरून अरबी, पोर्तुगीज वाटेने गेलेला आहे. मिऱ्यांतील पायपरीनपासून मिळणारे पायपरिडीन हे द्वितीयक अमाइन; त्याच्या नावाच्या मुळाशी आपली ‘पिप्पली’, म्हणजे पिंपळी, आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. तीन कार्बनची तीन अमाइने घ्या. तिन्हींत अणू तेच आणि तेवढेच; रेणुभार ५९. प्रोपिलअमाइन, हे प्राथमिक, सुमारे ४८ अंश सेल्सियसला उकळते. द्वितीयक एथिलमेथिलअमाइन सुमारे ३६ अंशांना. आणि तृतीयक ट्रायमेथिलअमाइन? अवघ्या ३ अंशांना! नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीतही ते वायूच राहील. वजन तेच असता हा फरक का? नायट्रोजनवर हायड्रोजन असेल, तर तो शेजारच्या रेणूतील नायट्रोजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीकडे ओढला जातो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. प्राथमिक अमाइनाजवळ असे दोन हात, द्वितीयकाजवळ एक, तृतीयकाजवळ एकही नाही. ज्याला शेजाऱ्याने धरून ठेवलेले नाही, तो लवकर उडून जाणार. अल्कोहोलातील ऑक्सिजन हा हायड्रोजन आणखी जोराने ओढतो, म्हणून साधारण तेवढ्याच भाराचे प्रोपिल अल्कोहोल ९७ अंशांना उकळते.

मात्र पाण्यात लहान अमाइने तिन्ही प्रकारची विरघळतात. कारण पाणी स्वतःचा हायड्रोजन पुढे करते आणि तो धरायला तृतीयकाजवळही इलेक्ट्रॉन-जोडी असतेच. कार्बनसाखळी लांबली, की विद्राव्यता घटत जाते. सहा कार्बनांचे अनिलीन १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळते.

मासळीचा वास हा बहुतांशी या ट्रायमेथिलअमाइनाचा. समुद्री माशांच्या शरीरात त्याचे ऑक्साइड असते. त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमेथिलअमाइन करतात. गोड्या पाण्यातील माशांत हे ऑक्साइड फारच कमी, म्हणून आपल्या तलावांतल्या मासळीपेक्षा मुंबईकडून येणाऱ्या मासळीला हा वास अधिक. स्वयंपाकघरात मासळीला लिंबू चोळतात ते उगीच नव्हे. वायूचा क्षार झाला, की वास बसतो.

लिंबाचे काम पाहिले, आता चुन्याचे. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून ‘खर्रा’ करतात, हे तुम्हाला सांगायला नको. तंबाखूतील निकोटीनच्या रेणूत दोन नायट्रोजन. त्यांतला एक तृतीयक अमाइनाचा. पानात हे निकोटीन मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांशी बांधलेले असते. भारित कण तोंडाच्या स्निग्ध अंतस्त्वचेतून सहजी पार होत नाही. मोकळा रेणू होतो. सामू, म्हणजे पीएच मूल्य, ६ असताना शंभरांपैकी सुमारे १ रेणू मोकळा असतो, ८ असताना निम्मे, आणि १० असताना ९९! चुना नेमके हेच करतो. म्हणजे बशीतला नवसागराचा प्रयोगच गालात चालू असतो. शिवाय घोटण्याने कणांचे पृष्ठफळ वाढते ते वेगळेच.

सुपारीतील अरेकोलीन हेही तृतीयक अमाइन. चुन्याने त्याच्यात आणखी एक बदल होतो, तो येथे सोडून देऊ. सुपारीतील अशा संयुगांमुळे तोंडातील पेशीजालात तंतू वाढतात आणि काही तरुणांचे तोंड दोन बोटे जाण्याइतकेही उघडेनासे होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसती सुपारी, तंबाखूविना, मानवात कर्करोग निर्माण करणारी ठरवली. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही तिच्या कक्षेत आल्या.

प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक हे वर्गीकरण निव्वळ गुणांसाठी पाठ करायचे, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे वाचावे. नायट्राइटाशी गाठ पडली, की साध्या प्राथमिक अमाइनातला नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. द्वितीयक अमाइनापासून मात्र टिकाऊ नायट्रोसामाइन बनते, आणि या कुळातली बरीच संयुगे कर्करोगकारक आहेत. तंबाखूत निकोटीनबरोबर नॉरनिकोटीन असते. दोघांत फरक एका मेथिल गटाचा: निकोटीनच्या नायट्रोजनवर तो आहे, नॉरनिकोटीनच्या नाही. म्हणून ते द्वितीयक. पान सुकवताना व साठवताना जंतू नायट्रेटाचे नायट्राइट करतात, ते नॉरनिकोटीनला गाठते, आणि जे नायट्रोसामाइन तयार होते ते खर्रा घोटण्याच्या कितीतरी आधी, पोत्यातच, तयार झालेले असते.