लाकडाला बाक देणारा पाइप
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

"काहीतरी टेक्निकल, पण सगळ्यांना कळेल असं लिही," असा निरोप संपादक मंडळाकडून आला. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी गुपचूप सुधारून घ्याव्यात ही विनंती. विषय मात्र तयार होता. गेले सहा महिने वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक जण मला विचारतोय, "हा पाइप कशाचा?" तेव्हा सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकते.

हा पाइप लाकूड वाकवायचा आहे. आणि त्याची गोष्ट सुरू होते पोखर्णीत.

पोखर्णी म्हणजे नृसिंहाची पोखर्णी, परभणी-परळी रेल्वेलाइनवरची. ते माझं आजोळ. आजोबा शाळामास्तर होते आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचे. आठ वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी माळ्यावरून आंब्याची पाटी काढायला गेले आणि पेटीसकट व्हायोलिन खाली पाडलं. कंबरेजवळची बाजूची पट्टी फुटली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पेटी बंद केली आणि परत माळ्यावर ठेवून दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मी त्यांना वाजवताना ऐकलं नाही.

मेकॅनिकलला आल्यावर वाटलं, आता तरी ती पट्टी आपण करावी. पुण्यात एका दुरुस्तीवाल्यांकडे व्हायोलिन नेलं. त्यांनी ते उघडून दिलं, कंबरेच्या बाकाचा पुठ्ठ्याचा साचा दिला आणि मेपल लाकडाच्या तीन पट्ट्या दिल्या. "पट्टी मी करून आणते," म्हटल्यावर ते हसले. "तीनच आहेत हं," एवढंच म्हणाले.

आता मुद्द्याचं. व्हायोलिनची बाजू साधारण १ मिलिमीटर जाडीची असते आणि कंबरेला ती चांगलीच आत वळते. आमच्या साच्यावर सगळ्यात घट्ट जागी त्रिज्या २० मिलिमीटर भरली. पट्टी वाकली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. जाडी भागिले दुप्पट त्रिज्या, म्हणजे १ भागिले ४०, म्हणजे अडीच टक्के स्ट्रेन. कोरडं लाकूड ताणात साधारण एक टक्क्यालाच तुटतं. म्हणजे नुसत्या हातानं वाकवली तर ती मोडणारच.

पण लाकूड हे एकजिनसी नसतं. त्यात सेल्युलोजचे धागे असतात आणि ते धागे चिकटवून ठेवणारं लिग्निन असतं. ओलं लिग्निन ८०-९० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडायला लागतं, कोरड्याला २०० च्या आसपास जावं लागतं. म्हणून आधी पाणी, मग उष्णता. मऊ झालेल्या अवस्थेत वाकवायचं आणि त्याच आकारात थंड होऊ द्यायचं. लिग्निन पुन्हा कडक होतं आणि बाक तसाच राहतो. वेताच्या खुर्च्या करणारे कारागीर ब्लो लॅम्पची ज्योत वेतावर फिरवून हेच करतात.

आपल्याकडच्या वाद्यांना मात्र हा खटाटोप फारसा करावा लागत नाही. वीणेचं किंवा तबल्याचं खोड कोरून काढतात. मिरजेचे तंबोरे-सतार बघा. तिथे तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी १८५० च्या सुमारास हा धंदा सुरू केला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांची गोलाई चक्क शेतात उगवते! पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात आणि आत काड्यांचा टेकू देऊन हवा तसा फुगवून वाळवतात. भिजवायचं, ताणायचं, तसंच वाळू द्यायचं. तत्त्व जवळपास तेच, फक्त पाइप लागत नाही.

माझा पहिला पाइप दिवाळीच्या सुट्टीत पोखर्णीला झाला आणि तो सपशेल फसला. नळाच्या कामातला उरलेला जीआय पाइप घेतला, एका टोकातून प्लंबरची गॅसची टॉर्च आत धरली. पाच मिनिटांत पांढरा धूर. आजोबा ओट्यावरून ओरडले, "काय जाळायलीस गं? धूर कशाचा निघायलाय?" धूर पाइपवरच्या जस्ताचा होता. हे खरं तर मला आधी सुचायला हवं होतं, मटेरियल सायन्समध्ये मला बरे मार्क आहेत! जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. तेव्हा कुणी करणार असाल तर जीआय पाइप अजिबात नको. काळा पाइप घ्या, नाहीतर ॲल्युमिनियमचा.

दुसरा पाइप कॉलेजात केला. होस्टेलच्या खोलीत हीटर चालत नाही हे रेक्टर मॅडमनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते: सगळं काम वर्कशॉपमध्ये, मामांच्या समोर झालं. एक इंची काळा पाइप, २० सेंटीमीटर लांब. "एक इंची" हे प्लंबरचं माप, बाहेरून तो ३३.७ मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या १७ च्या आत. आपल्या २० च्या बाकाला बरोबर. आत ५०० वॉटचा, १६ मिलिमीटर जाडीचा कार्ट्रिज हीटर, प्लास्टिकच्या साच्यांना वापरतात तसा.

हीटर नुसता आत सरकवला तर चालत नाही. भोवती साडेपाच मिलिमीटर हवा राहते आणि हवा उष्णता पोचवत नाही. हीटर आतल्या आत लाल होऊन जळतो आणि पाइप कोमटच राहतो. म्हणून मामांनी लेथवर ॲल्युमिनियमची १५ सेंटीमीटर लांब बुशिंग काढून दिली, हीटरवर बसणारी आणि पाइपमध्ये जाणारी. त्याआधी पाइपच्या आतला वेल्डिंगचा उंचवटा बोअर करून घ्यावा लागला. फिट किती घट्ट ठेवायचा यावर आमचा वाद झाला. मामा म्हणत होते ठोकून बसव. मी गणित मांडलं. लोखंड एका अंशाला दशलक्षात १२ भाग वाढतं, ॲल्युमिनियम २३. व्यास २७ मिलिमीटर, वाढ १५० अंश, म्हणजे गरम झाल्यावर बुशिंग पाइपपेक्षा सुमारे ०.०४५ मिलिमीटर जास्त फुगणार. तेव्हा थंड असताना तेवढी मोकळीक ठेवायची, गरम झाल्यावर ती आपोआप पाइपला धरते. मामा थोडं थांबून म्हणाले, "बैलगाडीच्या धावेसारखं." अगदी तसंच! धाव लोहार तापवून चाकावर चढवतो आणि पाणी ओतलं की ती आवळते. इथे फक्त उलटं, गरम होताना आवळतं.

पाइप आणि बुशिंग मिळून १५० अंशांनी तापवायला साधारण ५५ किलोजूल लागतात. ५०० वॉटला दोन मिनिटं पुरायला हवीत. प्रत्यक्षात नऊ लागली, कारण उष्णता व्हाइसमध्ये आणि हवेत जाते. (व्हाइसच्या जबड्यात ॲस्बेस्टॉस वापरू नका, सिरॅमिक ब्लँकेटचा तुकडा मिळतो.) तापल्यावर पूर्ण वॉट नको असतात. थर्मोस्टॅटऐवजी हीटरच्या सिरीजमध्ये १एन५४०८ डायोड टाकला. एसीचा अर्धा भागच जातो, म्हणजे २५० वॉट. डायोडला बायपास करणारा एक स्विच: तापवताना बंद करायचा, मग उघडायचा. पाइपच्या अंगाला अर्थिंगची वायर स्क्रूने कसलेली हवीच. ओली पट्टी हातात धरून आपण २३० व्होल्टच्या वस्तूला टेकवणार आहोत, हे विसरू नका.

तापमान कळायला आईची पद्धत. तव्यावर शिंपडतो तसं पाणी शिंपडायचं. थेंब चर्र करून लगेच उडाला तर ठीक. थेंब गोळी होऊन नाचायला लागला तर पाइप फार तापलाय, लाकूड करपेल.

पट्टी दहा मिनिटं पाण्यात, मग पाइपवर टेकवायची आणि थांबायचं. जोर लावायचा नाही. जोवर वाफ निघतेय तोवर लाकूड १०० च्या आसपासच असतं. मग एका क्षणी पट्टी हाताला सैल लागते, लोणी सुरीला लागतं तशी. तेव्हाच वळवायची. हे पुस्तकात वाचून कळत नाही. मी सागाच्या एकोणीस पट्ट्या मोडल्या, शिवाय सागावर लोखंडाचे काळे डाग पडले ते वेगळेच.

मग मेपलची पहिली पट्टी. मोडली. मेपलवर जे सुंदर लाटांसारखे पट्टे दिसतात ना, तिथे धागे खरोखरच लाटेसारखे वरखाली असतात आणि तिथेच ती तुटते. दुसरी पट्टी तशीच तुटली. त्या रात्री मेसमध्ये मी कुणाशी बोलले नाही.

उपाय जुनाच निघाला. मायकेल थोनेट नावाच्या जर्मन सुतारानं १८४२ साली व्हिएन्नात लाकूड वाकवायचा हक्क मिळवला आणि १८५९ साली त्याची १४ नंबरची खुर्ची आली. पुण्या-मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. गरम ओलं लाकूड दाबलं तर वीस-पंचवीस टक्के दबतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच तुटतं. म्हणून थोनेट बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी कसून लावायचा. ताण पट्टी घेते, लाकडाच्या वाट्याला बहुतेक दाबच येतो. मी मेसच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, कडा घासल्या, पट्टीच्या बाहेरून धरला आणि दोन्ही मिळून वळवले.

तिसरी वळली. साच्यापेक्षा जरा जास्तच वळवली, कारण थंड होताना ती थोडी परत उघडते. रात्रभर साच्याला बांधून ठेवली. सकाळी कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर फट होती. ती दुरुस्तीवाल्यांनी तासून घेतली आणि सरसानं चिकटवली.

होळीला व्हायोलिन पोखर्णीला नेलं. नवी पट्टी बाकीच्यापेक्षा पिवळट दिसते. रंग लावून जुळवू का, असं आजोबांना विचारलं. त्यांनी बोटानं ती पट्टी दोनदा चाचपली आणि म्हणाले, "कशाला? राहू दे की." मग तारा जुळवायला बसले. बोटं कडक झालीत त्यांची, सुरू व्हायला बराच वेळ लागला. आजी मधेच चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला.

पाइप आता वर्कशॉपच्या टूल रूममध्ये आहे. गिटार करायची असेल तर बाजू २ मिलिमीटरच्या आसपास असते आणि बाक मोठे, म्हणजे दीड इंची पाइप बरा. बुशिंगचं ड्रॉइंग मामांकडे ठेवलंय. वापरून झाल्यावर निदान तासभर व्हाइसमध्येच राहू द्या. मागच्या आठवड्यात कुणीतरी गरम पाइप ड्रॉवरमध्ये टाकला आणि आतलं मामांचं रजिस्टर तपकिरी झालं.