इंदूरची दिवाळी आणि शहरांचा वैद्य

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत होळकरांच्या इंदुरात एक दाढीवाला म्हातारा साहेब हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडू लागला. त्याला पाहिलं की लोक एकमेकांना खुणा करत आणि आत निघून जात. त्यानं सोबतच्या माणसाला कारण विचारलं. उत्तर मिळालं: प्लेग आणणारा साहेब म्हणून लोक तुम्हाला भितात.

ही भीती काही अडाणीपणाची नव्हती. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८मध्ये सरकारनं तिथं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या आणि रुंद, सरळ रस्ते काढायचे, हे त्याचं धोरण. उठवलेले गरीब शेजारच्याच चाळींत आणखी दाटीनं कोंबले गेले. साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे आता घर जाणार, हा धडा इलाख्याइलाख्यातल्या, संस्थानासंस्थानातल्या माणसांनी अनुभवातून घेतला होता.

इंदूरचा हा साहेब मात्र नेमका त्या पाडापाडीच्या विरुद्ध होता. त्याचं नाव पॅट्रिक गेडिस. जन्म स्कॉटलंडमधला, १८५४चा. शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ, टी. एच. हक्सली यांचा विद्यार्थी, डंडी इथं वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. १८८६मध्ये तो पत्नी अ‍ॅना हिच्यासह एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ म्हणून बदनाम झालेल्या वस्तीत राहायला गेला आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यानं तिथली घरं, अंगणं दुरुस्त करायला सुरुवात केली. वनस्पती जशी माती, पाणी आणि उजेडापासून वेगळी काढून समजत नाही, तशी वस्तीही तिथल्या जागेपासून, कामधंद्यापासून आणि माणसांपासून तोडून समजत नाही, हा त्याच्या साऱ्या विचाराचा गाभा. आज ‘शाश्वत नगररचना’ या नावाखाली विद्यापीठांतून जे संशोधन चालतं, त्याची एक मोठी मुळी इथं सापडते.

१९१४मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून तो भारतात आला. नगररचनेचं त्याचं फिरतं प्रदर्शन बोटीनं मागून येत होतं. ती बोट ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेनं बुडवली. वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे आणि चित्रं समुद्रात गेली. मित्रांनी धडपडून नवं साहित्य गोळा केलं आणि १९१५च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरलं. त्यानंतरच्या वर्षांत तंजावर, मदुरा, बडोदा, लाहोर, लखनौ अशा कितीतरी शहरांवर त्यानं अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातल्या गावांवरच्या १९१५च्या अहवालात आपलं ठाणंही होतं.

त्याच्या पद्धतीला तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणे. आधी निदान, मग उपचार. निदान म्हणजे पायी फिरणं, घर न् घर पाहणं, विहीर कुठं, झाड कुठं, पडकी भिंत कुणाची, रिकाम्या जागेत उकिरडा का साठला, हे नकाशावर टिपणं. भोसल्यांच्या तंजावरात किल्ल्यातल्या वस्तीतून सरळ रस्ते काढायची योजना इंजिनियरांनी केली होती. गेडिसनं दाखवून दिलं की अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढली, पडीक जागा मोकळ्या केल्या आणि तिथं झाडं लावून छोटे चौक केले, तर गल्ल्यांत वारा-उजेड खेळतो, बहुतेक घरं शाबूत राहतात आणि खर्च सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतो. तळी बुजवण्याच्या घाईलाही त्यानं विरोध केला. हिवतापासाठी तळं बुजवू नका, त्यात मासे आणि बदकं सोडा. तळं हवा गार ठेवतं, आणि नळ बंद पडले तर तेच उपयोगी येतं. उन्हाळ्यात तापणाऱ्या शहरांवर आज जे शोधनिबंध निघतात, त्यांचा निष्कर्ष याहून फारसा वेगळा नसतो. बांधकामातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा अभ्यास करणारेही हेच सांगतात, की उभी इमारत दुरुस्त करून वापरणं हा बहुधा पर्यावरणाला सर्वांत स्वस्त पडणारा मार्ग आहे.

इंदूरचा त्याचा अहवाल १९१८मध्ये दोन खंडांत छापला गेला. नदीकाठ साफ करून तिथं बागा कराव्यात, मैला महागड्या गटारांतून लांब नेण्याऐवजी त्याचं खत व्हावं, अशा सूचना त्यात आहेत. पण मला त्या अहवालाइतकीच मोलाची वाटते ती त्यानं योजलेली दिवाळी.

लोकांची भीती कळल्यावर त्यानं दरबाराकडे मागणी केली: मला एका दिवसापुरता राजा करा. गादीवर तेव्हा तिसरे तुकोजीराव होते. मागणी मान्य झाली. मग त्यानं जाहीर केलं की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेनं जाणार नाही. ज्या मोहल्ल्यात सर्वांत जास्त घरं झाडून-दुरुस्त करून झाली असतील, तिथून ती जाईल. कचरा फुकट उचलण्याची सोय केली. लोकांनी माळे, परसं, बोळ रिकामे केले, भिंतींना रंग लावले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, पिकांचे देखावे होते. त्यामागून बेसूर वाद्यांच्या गोंगाटात रोगराईची सोंगं, अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर. त्यांच्या मागे शहराचे सफाई कामगार, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नवे झाडू घेतलेले, गळ्यात हार. गाड्यांचे बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली. नंतर नगराची देवी, नव्या शहराच्या प्रतिकृती, कारागिरांचे चित्ररथ, आणि शेवटी वाटायला तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले. लोकांची नजर त्या दिवसापासून बदलली.

या प्रसंगाचं कौतुक करताना एक गोष्ट बोललीच पाहिजे. शहराच्या आरोग्याचा भार ज्यांच्या पाठीवर आहे त्यांना मिरवणुकीच्या मध्यभागी आणणं, हे त्या काळी धाडसाचं होतं. परंतु हे काम एकाच जातीच्या वाट्याला का, हा प्रश्न त्या हारांनी सुटत नव्हता. गेडिस राजेरजवाड्यांच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आमंत्रणावर काम करत होता. त्याच्या टीकेला ती मर्यादा होती. हातानं मैला साफ करण्याविरुद्ध आपल्याला १९९३मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये कायदा करावा लागला, आणि तरी गटारांत उतरलेली माणसं मरतात. ज्या शाश्वततेच्या हिशेबात या माणसाचा जीव धरलेला नाही, तो हिशेब मला अपुरा वाटतो.

१९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि गेडिस त्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच्या शिफारशीनं विलायतेला गेलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९२४मध्ये विभाग हाती घेतला आणि भारतीय समाजशास्त्राची एक पिढी घडवली. जात, कुटुंब, आदिवासी यांचा अभ्यास बहरला. पुढं अ. र. देसाई आणि देवदास पिल्ले यांनी मुंबईच्या झोपडपट्टीवर मोलाचं काम केलं. मात्र समाजाचा अभ्यास एका इमारतीत आणि शहराची आखणी दुसऱ्या कचेरीत, अशी फाटाफूट झाली ती झालीच.

तिचे परिणाम आपण भोगतो आहोत. आज पुनर्विकासाची बोलणी चटईक्षेत्र निर्देशांकापासून सुरू होतात. वस्तीत कोण राहतं, काय काम करतं, पाणी कुठून येतं, हे नंतर विचारलं जातं, किंवा विचारलंच जात नाही. कायद्याला निदानाची गरज ठाऊक नाही असं नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडा करण्याआधी जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा करावाच लागतो. पण तो कसा केला जातो, हे मुंबईनं पाहिलं. २०३४पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. नागरिक, वास्तुरचनाकार, कोळीवाड्यांतले आणि गावठाणांतले लोक आपापल्या भागाचे नकाशे घेऊन बसले आणि चुकांचा ढीग निघाला. हरकती-सूचना इतक्या आल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घेऊन दुरुस्तीचा आदेश द्यावा लागला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. नकाशा हातात घेऊन गल्लीत उतरण्याचं काम त्या वेळी साहेबानं नाही, रहिवाशांनी केलं. फक्त ते आराखडा छापून झाल्यावर करावं लागलं. कायद्यात हवा असलेला बदल एवढाच आहे, की विद्यमान वापराचा नकाशा वॉर्डावॉर्डातल्या लोकांबरोबर फिरून करायचा आणि त्यांनी तपासल्याशिवाय आराखड्याची पहिली रेघ ओढायची नाही.