‘सा’च्या पानावरची गाणी

१९६३ च्या जून महिन्यात एक जपानी गाणं अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. क्यू साकामोतो यांनी गायलेलं हे गाणं तिकडे ‘सुकीयाकी’ या नावानं विकलं गेलं. सुकीयाकी हा मांस आणि भाज्यांचा एक जपानी पदार्थ आहे आणि त्याचा या गाण्याशी काहीही संबंध नाही. जपानमध्ये हे गाणं ‘उए ओ मुइते आरुको’ या मूळ नावानंच ओळखलं जातं. त्यामुळे जपानी गीतसूचीत ‘सु’खाली शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. ते ‘उ’खाली असतं.

जपानी गाण्यांची आवड लागलेल्या कुणालाही ही अडचण लवकरच गाठते. गाणं कानात असतं, पण सूचीत नेमकं कुठे पाहायचं ते कळत नाही. सूची कशी रचतात हे एकदा समजलं की शोध सोपा होतो. त्यासाठी ‘सा’ हे एकच अक्षर घेऊ आणि त्याखालच्या गाण्यांमधून सावकाश पुढे जाऊ.

पहिली गोष्ट म्हणजे जपानी सूची शीर्षकांची असते. आपल्याकडे गाणं पहिल्या ओळीनं ओळखलं जातं. भेंड्या खेळताना ‘स’ आला की आपण ‘स’नं सुरू होणारा मुखडा आठवतो. जपानमध्ये मात्र गीतकार गाण्याला कथेसारखं स्वतंत्र नाव देतो आणि ते नाव पहिल्या ओळीत असेलच असं नाही. १९१४ साली शालेय पुस्तकात आलेलं ‘फुरुसातो’ हे गाणं घ्या. जपानमधल्या कित्येक पिढ्यांना ते पाठ आहे, पण त्याची सुरुवात ‘फुरुसातो’ या शब्दानं होत नाही. म्हणून गाण्याचं नाव माहीत असणं ही पहिली अट.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या क्रमाची, आणि इथे मराठी वाचकाला घरचंच काही भेटतं. जपानी सूचीचा क्रम ‘गोज्यूओन’ म्हणून ओळखला जातो. त्यात आधी पाच स्वर येतात: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी, आणि सगळ्यात शेवटी एकटा ‘न्’. प्रत्येक ओळ त्याच पाच स्वरांनी चालते, म्हणजे सा, शि, सु, से, सो. हा क्रम आपल्या वर्णमालेतून गेलेला आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत ध्वनिविचार जपानमध्ये पोचला. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनमधून परतला, तेव्हा त्यानं सिद्धम् लिपीचं ज्ञान सोबत आणलं. सिद्धम् ही देवनागरीच्या नात्यातलीच लिपी आहे. पुढे जपानी भिक्षूंनी आपल्या भाषेचे ध्वनी त्याच पद्धतीनं मांडले. अकराव्या शतकाच्या आरंभी ‘महामायूरी’ सूत्रावर लिहिलेल्या एका उच्चार-टिपणात असा तक्ता सापडतो. त्यातला क्रम मात्र आजच्यासारखा नव्हता, तो हळूहळू स्थिरावला.

क, च, त, न, प, म, य, र, व असं म्हणून पाहा. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ ठेवला की जपानी क्रम तयार होतो. ही अदलाबदलही अकारण नाही. जुन्या जपानीत ‘सा’चा उच्चार ‘च’ किंवा ‘त्स’च्या जवळचा होता आणि ‘हा’चा ‘पा’ होता, असं भाषा-अभ्यासक मानतात. उच्चार बदलले, जागा तशाच राहिल्या.

आता ‘सा’चं पान उघडू. आरंभी ‘साइन्’ दिसतं. हे मिस्टर चिल्ड्रेन या बँडचं २००४ चं गाणं. पाठोपाठ पिंक लेडी या जोडीचं १९७८ चं ‘साउसुपो’. मग साकुरा म्हणजे चेरीच्या फुलोऱ्याची गाणी. त्यांच्यानंतर इकुझो योशी यांचं ‘साके यो’ (१९८८), लहान मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं ‘साझाए-सान’ या कार्टून मालिकेचं गाणं (१९६९), एइसाकु ओकावा यांचं ‘साझान्का नो यादो’ (१९८२) आणि ऑफ कोर्स या गटाचं ‘सायोनारा’ (१९७९). अगदी शेवटी ‘सान्’नं सुरू होणारी गाणी, कारण ‘न्’ हे शेवटचं अक्षर आहे. ‘माय नेबर टोटोरो’ या १९८८ च्या चित्रपटातलं ‘साम्पो’ तिथेच सापडतं. उच्चारात ‘म्’ ऐकू आला तरी जपानी लिपीत तिथे ‘न्’ लिहितात.

या यादीतलं ‘साझाए’ पाहून प्रश्न पडेल की ‘झा’ हे ‘सा’च्या रांगेत कसं? जपानी लिपीत ‘सा’च्या डोक्यावर दोन बारीक रेघा दिल्या की ‘झा’ होतो. सूची लावताना पहिल्या फेरीत या रेघा मोजतच नाहीत. त्यामुळे ‘इव्हँजेलियन’ या मालिकेचं १९९५ चं शीर्षकगीत ‘झान्कोकु ना तेन्शी नो तेझे’ हेही ‘सा’च्याच पानावर येतं. त्याच न्यायानं ‘गा’ जातो ‘का’मध्ये, ‘दा’ जातो ‘ता’मध्ये, आणि ‘बा’ व ‘पा’ हे दोन्ही ‘हा’मध्ये.

या नियमाचा परिणाम एका जोडीत चांगला दिसतो. ‘साकुरा साकुरा’ हे पारंपरिक गीत आणि मासाहारू फुकुयामा यांचं २००० सालचं ‘साकुराझाका’. यातलं आधी कोण? साधा ‘सा’ ‘झा’च्या आधी, म्हणून ‘साकुरा साकुरा’ आधी यावं असं वाटतं. पण रेघा काढून टाकल्यावर उरतं ‘साकुरासाकुरा’ आणि ‘साकुरासाका’. पहिली चार अक्षरं सारखी आहेत. पाचवं अक्षर एकीकडे ‘कु’ आणि दुसरीकडे ‘का’. ‘का’ आधी, म्हणून ‘साकुराझाका’ आधी. रेघांचा विचार होतो तो बाकी सगळी अक्षरं जुळल्यावरच.

लांब उच्चाराच्या आडव्या रेघेबाबत मात्र दोन चाली आहेत. सर्कशीला जपानीत ‘साऽकासु’ म्हणतात. एका चालीत ती रेघ मागच्या स्वरासारखी धरतात. मग शब्द ‘सा-आ-का-सु’ होतो आणि पानाच्या अगदी वर जातो. दुसऱ्या चालीत रेघ सोडून देतात. मग तो ‘सा-का-सु’ म्हणून ‘साकुरा’च्या जरा अलीकडे बसतो. एका जागी गाणं दिसलं नाही तर दुसरीकडे पाहावं.

साकुराच्या गाण्यांपाशी थोडं थांबायला हवं. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. निरोप आणि नवी सुरुवात या दोन्ही गोष्टी फुलोऱ्याच्या दिवसांत येतात, त्यामुळे या विषयावर गाणी येतच राहतात. त्यातल्या कित्येकांचं नावही एकच. नाओतारो मोरियामा यांचं २००३ चं ‘साकुरा’ हिरागाना लिपीत लिहिलेलं. कोबुकुरो या जोडीचं २००५ चं ‘साकुरा’ एका कांजी म्हणजे चिनी मूळच्या चिन्हात. इकिमोनोगाकारी या गटाचं २००६ चं ‘साकुरा’ रोमन अक्षरांत. कागदावर तिन्ही वेगळी दिसतात, पण सूचीत शेजारी शेजारी बसतात, कारण जागा ठरते उच्चारावर. त्यांना वेगळं ओळखायचं तर गायकाचं नावच पाहावं लागतं.

हीच जपानी सूचीची खरी किल्ली आहे. प्रत्येक शीर्षकामागे ‘योमी’ म्हणजे त्याचं वाचन नोंदलेलं असतं आणि क्रम त्या योमीवर लागतो. कियोको सुइझेन्जी यांच्या १९६८ च्या एका संचलनगीताचं नाव ३६५ या आकड्यानं सुरू होतं. तो आकडा ‘सान्ब्याकु रोकुज्यूगो’ असा वाचला जातो, म्हणून हे गाणं ‘सा’च्या पानावर. २०२२ साली गाजलेल्या एका गाण्याचं नाव रोमन अक्षरांत ‘सबटायटल’ असं आहे. जपानी उच्चार ‘साबुताइतोरु’, म्हणून तेही इथेच. ड्रीम्स कम ट्रू या गटाचं १९९५ चं ‘सान्क्यु’ म्हणजे आपलं ‘थँक यू’. जपानीत ‘थ’चा तो उच्चार नसल्यानं तिथे ‘सा’ येतो. काही सूच्यांमध्ये रोमन नावांचा वेगळा विभाग असतो, तिथे ही सवलत मिळत नाही.

कांजी चिन्हं अधिक चकवतात. मोमोए यामागुची यांच्या १९७७ च्या एका प्रसिद्ध गाण्याचं शीर्षक दोन चिन्हांचं आहे: ‘शरद’ आणि ‘साकुरा’. चिन्हं जशीच्या तशी वाचली तर ‘आकिझाकुरा’ होतं. पण मासाशी सादा यांनी लिहिलेल्या या गाण्याचं वाचन आहे ‘कोसुमोसु’, म्हणजे कॉसमॉसचं फूल. ते ‘का’च्या ओळीत, ‘को’खाली मिळतं. चिन्हांवरून शोधणारा ‘आ’च्या पानावर अडकून राहील, ज्यानं नाव ऐकलं आहे तो थेट पोचेल.

या सूच्यांना खरं महत्त्व आलं ते कराओकेमुळे. दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली कोबे शहरात आपलं कराओके यंत्र भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा गाणी टेपवर आणि मोजकी होती. १९९२ पासून टेलिफोनच्या तारेवरून गाणी पाठवणारी यंत्रं आली आणि गाण्यांची संख्या झपाट्यानं वाढली. प्रत्येक खोलीत ‘उताहोन’ हे जाडजूड पुस्तक ठेवलेलं असे: एक भाग शीर्षकांचा, एक गायकांचा, दोन्ही गोज्यूओन क्रमानं. पुढे त्याची जागा टेबलावरच्या स्पर्शपडद्यानं घेतली. त्यावर ‘सा’, ‘कु’, ‘रा’ अशी अक्षरं दाबली की त्यांनी सुरू होणारी शीर्षकं समोर येतात. पुस्तक गेलं, योमी राहिलं.

जुना क्रम मात्र संगीतानं सांभाळला आहे. गोज्यूओन रुळण्याआधी रोजच्या व्यवहारात ‘इरोहा’ क्रम चाले. तो एका जुन्या कवितेतून आलेला आहे आणि त्या कवितेत प्रत्येक अक्षर एकदाच येतं. पाश्चात्त्य स्वरांना नावं देताना जपान्यांनी हाच क्रम वापरला: ए हा ‘इ’, बी हा ‘रो’, सी हा ‘हा’. आजही सी मेजरला ‘हा’ची पट्टी म्हणतात. म्हणजे एखाद्या गाण्याचं नाव सापडतं गोज्यूओन क्रमानं आणि त्याची पट्टी सांगितली जाते इरोहा क्रमानं.

तेव्हा शोधाची रीत अशी ठेवावी. गाण्याचं नाव जपानी माणूस कसं उच्चारतो ते आधी नीट ऐकावं. अक्षरांवरच्या रेघा मनातून काढाव्यात. मग आपल्या वर्णमालेच्या क्रमानं पुढे सरकावं. नावाचा उच्चार कळलाच नाही, तर गायकाच्या आडनावावरून जावं, कारण जपानीत आडनाव आधी येतं. आणि जुनं उताहोन हाती आलं, तर त्यात शीर्षकाशेजारी गाण्याचे आरंभीचे शब्दही छापलेले असतात, ते वाचावेत. मुखड्यावरून गाणी ओळखण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला आपलं गाणं हेच की दुसरं, हे तिथे लगेच कळेल.