पालक आणि आर्टिचोक : दोन तुरट भाज्यांचे सौम्य जेवण

भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत हिवाळा सरत आला की भाजीबाजारात दोन भाज्या शेजारी शेजारी दिसू लागतात. त्यांपैकी एक पालक आणि दुसरी आर्टिचोक. पहिलीची पाने खातात, तर दुसरीची न उमललेली कळी. कोवळेपणी दोन्ही कच्च्या खाता येतात. परंतु जरा जून झाल्या की त्यांचा स्वभाव बदलतो. जून पालक चावला तर दात आंबल्यासारखे होतात आणि जिभेवर खरखरीत पुटे चढते. आर्टिचोक तर चवीला कडवट-तुरट आणि वरून काटेरी. असे असूनही ग्रीस, तुर्कस्तान, इटली आणि इराण या देशांत दमून आलेल्या माणसाला किंवा दुखण्यातून उठलेल्याला जे मऊ, ऊन, पोटाला शांतवणारे जेवण वाढले जाते, त्यात याच दोन भाज्यांना मानाचे स्थान आहे. हा बदल चुलीवर घडतो. तो कसा घडतो आणि घडताना भाजीतील काय राहते व काय जाते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पालक ही मूळची इराणची वनस्पती होय. सन 647 मध्ये नेपाळच्या राजाने ती चीनच्या तांग दरबारी भेट म्हणून पाठविल्याची नोंद सापडते. पश्चिमेकडे तिचा प्रसार अरबांनी केला. त्यांच्याबरोबर ती स्पेनमध्ये गेली आणि तेथून हळूहळू उरलेल्या युरोपात पोहोचली. येथे भारतीय वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या बाजारात ‘पालक’ म्हणून जी जुडी मिळते ती बहुधा ही वनस्पती नसते. ती बीटाच्या जातीची पालेभाजी असून पुसा ज्योती, ऑल ग्रीन इत्यादी वाण तिचेच आहेत. इराणी वंशाच्या खऱ्या पालकाला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात आणि तो थंड प्रदेशातच नीट येतो. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या असल्यामुळे स्वयंपाकघरात एकीच्या जागी दुसरी सहज चालते, आणि त्यांचे गुणदोषही पुष्कळसे सारखे आहेत.

या दोषांपैकी मुख्य दोष ऑक्झॅलिक आम्लाचा. पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीतपणा जाणवतो तो याच आम्लामुळे. कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की न विरघळणारे बारीक स्फटिक बनतात. पालकात कॅल्शियम भरपूर आहे. परंतु ते या आम्लाने आधीच बांधून ठेवलेले असल्याने शरीराच्या हाती फारसे लागत नाही. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुधातील कॅल्शियमपैकी सुमारे 28 टक्के शोषले गेले, तर पालकातील केवळ 5 टक्के. ज्यांना ऑक्झॅलेटचे मूतखडे होण्याची प्रवृत्ती आहे, त्यांनी पालक बेताने खावा असे वैद्य सांगतात ते याच कारणाने.

पालकाची कीर्ती मात्र कॅल्शियमसाठी नाही, लोहासाठी आहे. आणि ती त्याच्या योग्यतेपेक्षा बरीच मोठी आहे. दशांश चिन्ह चुकल्यामुळे पालकातील लोह दहापट छापले गेले, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. 1981 मध्ये टी. जे. हॅम्ब्लिन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती सांगितली आणि ती जगभर पसरली. गंमत अशी की पुढे शोध घेता त्या चुकलेल्या चिन्हाचा पुरावाच मिळाला नाही. भ्रम दूर करण्यासाठी सांगितलेली गोष्ट स्वतःच एक भ्रम ठरली! वस्तुस्थिती साधी आहे. 100 ग्रॅम ताज्या पालकात सुमारे 3 मिलिग्रॅम लोह असते. भारतीय प्रौढ स्त्रीसाठी 2020 मध्ये सुचविण्यात आलेले रोजचे प्रमाण 29 मिलिग्रॅम आहे. शिवाय पानांतील लोहाचा अगदी थोडा अंश रक्तात पोहोचतो.

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. फिकट पडलेल्या मुलीला आठवड्यातून दोनदा पालक खाऊ घातला की काम झाले, अशी समजूत घरात असेल तर उपचाराला उशीर होतो. लोहाच्या गोळ्यांची जागा पालक घेऊ शकत नाही.

तरीही रक्ताशी पालकाचे नाते आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत सापडतो. 1928 मध्ये लूसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईत आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांच्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे त्यांना आढळले. 1931 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कातील तो गुणकारी घटक कोणता हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे 1941 मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे संशोधकांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले. मुंबईच्या रुग्णांना गुण आला तो याच वर्गातील द्रव्यामुळे. पालकाचे खरे धन हे फोलेट आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज भागविणारे कॅरोटीन यांत आहे.

येथेच स्वयंपाक करणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. भरपूर पाण्यात पालक उकळून ते पाणी ओतून दिले तर ऑक्झॅलिक आम्लाचा मोठा भाग निघून जातो, पण त्याच पाण्याबरोबर फोलेट आणि ‘क’ जीवनसत्त्वही जाते. पाणी न घालता पालक त्याच्याच ओलाव्यात शिजविला तर जीवनसत्त्वे पुष्कळशी टिकतात, पण आम्लही टिकते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने पाणी ओतून द्यावे हे योग्य. निरोगी माणसाला मात्र दुसरा मार्ग अधिक हिताचा आहे : धुतलेली पाने त्यांच्या अंगच्या पाण्यातच दोन-चार मिनिटे वाफवावीत आणि जोडीला दही, पनीर, चीज किंवा दूध घ्यावे. दुधातील कॅल्शियम आम्लाला आतड्यातच बांधते. त्यामुळे ते रक्तात कमी जाते, आणि दातांवरचा खरखरीतपणाही कमी होतो. तेल किंवा लोणी आवश्यकच आहे, कारण कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषले जात नाही. वरून लिंबू पिळले तर जे थोडे लोह आहे त्याचे शोषण वाढते. लिंबू शेवटी पिळावे; आधी घातले तर आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि भाजी मळकट रंगाची दिसते. हिरवेपणा टिकावा म्हणून सोडा टाकण्याची खोड मात्र वाईट. रंग राहतो, पण पाने बुळबुळीत होतात आणि ‘क’ जीवनसत्त्व नाहीसे होते.

आर्टिचोकची गोष्ट वेगळी. सूर्यफुलाच्या कुळातील ही काटेरी वनस्पती आपल्या माळरानावरच्या उटकटारीची दूरची नातेवाईक आहे. भूमध्य प्रदेशातील रानटी रोपापासून निवड करीत करीत माणसाने मोठ्या कळीचा हा वाण घडविला. इटलीत त्याचे पीक फार मोठे आहे. भारतात तो थंड हवेच्या ठिकाणी तुरळक होतो आणि मोठ्या शहरांतील काही दुकानांत मिळतो. खारवलेले गाभे डबाबंदही येतात. जेरुसलेम आर्टिचोक नावाचा कंद याहून निराळा आहे.

कळीभोवती खवल्यांसारखी जाड छदे एकावर एक बसलेली असतात. बाहेरची छदे काढून टाकावी लागतात. आतल्यांच्या बुडाशी थोडा गर असतो. सर्वांत आत, केसाळ भागाच्या खाली, फुलाचा मांसल आधार लपलेला असतो. हाच गाभा सर्वांत चविष्ट, आणि तो हाती येईपर्यंत निम्म्याहून अधिक भाजी टोपलीत गेलेली असते. कापलेला भाग पाहता पाहता काळा पडतो, कारण त्यातील तुरट द्रव्यांवर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने विकराची क्रिया होते. म्हणून चिरताना हाताशी लिंबू ठेवतात आणि तुकडे लिंबाच्या पाण्यात टाकतात. लोखंडी सुरी आणि लोखंडी कढई वापरू नये. त्यांनी रंग अधिकच बिघडतो.

या भाजीचा आणखी एक चमत्कार आहे. ती खाऊन पाणी प्यायले तर पुष्कळांना ते गोड लागते. 1972 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. आवळा खाऊन पाणी पिणाऱ्या आपल्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष जेवणाकडे वळू. ग्रीसमध्ये ‘स्पानाकोरिझो’ म्हणजे पालकभात उपवासाच्या दिवसांत घरोघरी होतो. चार माणसांसाठी अर्धा किलो पालक आणि एक वाटी तांदूळ पुरे. ऑलिव्हच्या तेलात कांदा मऊ होईपर्यंत परततात, त्यात चिरलेला पालक टाकून तो बसला की तांदूळ, दोन वाट्या ऊन पाणी आणि मूठभर शेपू घालून झाकून मंद आचेवर शिजवितात. भात मोकळा नसावा, किंचित सैल असावा. उपवास नसेल तेव्हा सोबत मेंढीच्या दुधाचे खारवलेले चीज असते. आर्टिचोकही तेथे याच रीतीने, बटाटे, गाजर, शेपू आणि लिंबासह तेलात मंद शिजवितात. त्या पदार्थाच्या नावातील ‘पोलिता’ हा शब्द ‘शहराकडची’ अशा अर्थाचा आहे; शहर म्हणजे कॉन्स्टँटिनोपल. रोममधील ज्यू वस्तीत मात्र अख्खी कळी तेलात दोनदा तळून फुलासारखी उमलवितात. चविष्ट खरी, पण शांतविणाऱ्या जेवणात तिची गणना करता येणार नाही. जेनोवाच्या परिसरातील ईस्टरच्या पदरी पाईत कधी आर्टिचोक असतो, तर कधी बीटाच्या जातीची पाने, म्हणजे आपल्याच पालकाची बहीण. आणि त्यावर ताजे दह्यासारखे चीज व अंडी.

इराणमध्ये शिजवलेला पालक लसूण घातलेल्या दह्यात कालवितात. त्याला ‘बोरानी’ म्हणतात. हैदराबादी बिर्याणीसोबत येणाऱ्या लसणीच्या बुरानी रायत्यात हेच नाव राहिले आहे, पालक मात्र गळून गेला. महाराष्ट्रातील ताकातली पातळ भाजीही या सर्वांच्या पंक्तीला बसते. ताकाने आम्लाला आवर बसतो, बेसनाने दाटपणा येतो, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ पोटाला आधार देतात, वरून तेलाची फोडणी असतेच. त्यातील प्रत्येक जिन्नस रसायनशास्त्राला मान्य व्हावा असा आहे, आणि तो रसायनशास्त्राला विचारून घातलेला नाही. भाकरीबरोबर किंवा मऊ भाताबरोबर ती खावी.

उरलेल्या पालकाविषयी एक सूचना आवश्यक आहे. या पानांत नायट्रेट बरेच असते, आणि शिजलेली भाजी उबदार जागी तासन्‌तास पडून राहिली तर जंतू त्याचे नायट्राइट करतात. मोठ्यांना त्याची बाधा सहसा होत नाही, परंतु तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती त्यामुळे घटू शकते. बाळासाठी पालक घोटायचा असेल तर तो त्या वेळेपुरताच घोटावा, आणि मोठ्यांची उरलेली भाजी निवताच थंड जागी ठेवावी.