अमोनियाचें सूत्र आणि खताचें पोतें

पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर आतां बीडसारख्या गांवींहि क्वचितच दिसतो. तापलेल्या भांड्यांत तो नवसागराची चिमूट टाकी आणि पांढरा धूर उठे. हाच नवसागर चुन्याबरोबर किंचित् ओलसर करून खलला, तर धूर निघत नाहीं. निघतो तो नाकास झोंबणारा एक वायु. पहांटे जनावरांच्या गोठ्यांत शिरतांना जो दर्प येतो, तो मुख्यतः याच वायूचा. त्याचें नांव अमोनिया.

रसायनशास्त्र त्यास एन्-एच्-३ असें लिहितें. 'एन्' म्हणजे नायट्रोजन, 'एच्' म्हणजे हायड्रोजन. तीनाचा आंकडा त्याच्या लगत मागें असलेल्या 'एच्'चा आहे, संपूर्ण पदार्थाचा नव्हे.

हें तीनाचें प्रमाण कोणी कल्पनेनें ठरविलेलें नाहीं. इ. स. १७८५ मध्यें फ्रेंच शास्त्रज्ञ बर्थोले यानें या वायूचे घटक शोधून काढले. दोन शेर मापाचा अमोनिया फोडला असतां एक शेर नायट्रोजन व तीन शेर हायड्रोजन मिळतो. समान उष्णतेंत व समान दाबाखालीं समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, आणि या दोन्ही वायूंचे रेणू दोन-दोन अणूंचे असतात. म्हणजे अमोनियाच्या दोन रेणूंत नायट्रोजनचे दोन व हायड्रोजनचे सहा अणू. एका रेणूंत अर्थातच एक व तीन.

वजनाचा हिशेब मात्र निराळा आहे. नायट्रोजनचा अणुभार १४ व हायड्रोजनचा १. म्हणून अमोनियाचा रेणुभार १७. संख्येनें हायड्रोजन तिप्पट, परंतु वजनांत शेंकडा सुमारें ८२ भाग नायट्रोजनच.

हवेंत आकारमानानें शेंकडा ७८ भाग नायट्रोजन असूनहि पिकांना तो तसाच घेतां येत नाहीं. जर्मनींत हाबर यानें १९०९ मध्यें त्याचा हायड्रोजनशीं संयोग घडवून दाखविला. बॉश याच्या खटपटीनें १९१३ मध्यें त्याचा कारखाना चालूं झाला. महाराष्ट्रांत तुर्भे येथील खतकारखाना १९६५ पासून उत्पादन करूं लागला. अशा कारखान्यांत अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून युरिया बनतो.

युरियाच्या ६० भागांत नायट्रोजन २८ भाग असतो. म्हणूनच पोत्यावर शेंकडा ४६ हा आंकडा छापलेला असतो. ४५ किलोंच्या पोत्यांत नायट्रोजन भरतो सुमारें २०·७ किलो.

बीड जिल्ह्यांतील कापसाच्या व उंसाच्या शेतांत या हिशेबास पैशाचें मोल आहे. जमिनींत युरियाचा पुन्हां अमोनियाच होतो. चुनखडीयुक्त काळ्या रानांत तो उन्हांत उघडा पसरला, तर त्यांतील बराच भाग हवेंत उडून जातो. समजा, चौथाई उडाला, तर एका पोत्यामागें पांच किलोंहून अधिक नायट्रोजन व्यर्थ गेला. म्हणून खत मातीआड करावें किंवा लगेच पाणी द्यावें. तसेंच अमोनियायुक्त खतांत चुना अगर राख मिसळूं नये. नवसागर व चुना यांचाच खेळ तेथें घडतो.

शेतांतून तो परिचित उग्र दर्प आला, म्हणजे एन्-एच्-३ पिकाला न मिळतां वाऱ्यावर चालला आहे असें समजावें. त्याच्याबरोबर चाललेला असतो तो शेतकऱ्याचा पैसा.