सोनेरी ड्रिल : पैसे रंगाचे की कामाचे?

लेथ-ड्रिलिंगची छोटी वर्कशॉप चालविणारे आपले अनेक बांधव आहेत. हार्डवेअरच्या दुकानात साध्या ड्रिलशेजारी सोनेरी ड्रिल जादा किमतीला मिळते. हे जादा पैसे वसूल होतात काय, याचा खुलासा आम्ही येथे करीत आहोत.

धातू कापताना धारेवर प्रचंड उष्णता व घर्षण येते आणि धार लवकर मरते. यावर उपाय म्हणून स्वीडनच्या सँडविक कंपनीने १९६९ साली टिटॅनियम कार्बाइडचा काही मायक्रॉनचा थर चढविलेले कार्बाइड इन्सर्ट बाजारात आणले. थर चढविण्याची ही प्रक्रिया वायूंच्या साहाय्याने सुमारे १००० अंश सेल्सिअसला होते. कार्बाइड ते सोसते. हायस्पीड स्टील मात्र तेवढ्या उष्णतेत आपला कठीणपणा गमावते. म्हणून ड्रिलला आणखी दहा वर्षे थांबावे लागले. १९८० च्या सुमारास निर्वात भट्टीत, ५०० अंशांच्या आत, टिटॅनियम नायट्राइडचा थर चढविण्याची पद्धत रुळली. सोनेरी रंग याच थराचा. हायस्पीड स्टीलच्या दुपटीहून अधिक कठीण असा हा थर आहे. पुढे त्यात ॲल्युमिनियम मिसळून जांभळट-काळा थर निघाला. तो याहून जास्त उष्णता सोसतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, टोकाला पुन्हा धार लावली की तेथील थर निघून जातो. खोबणीतील थर उरतो, त्यामुळे थोडा फायदा टिकतो; पण नव्यासारखे काम होत नाही. दुसरी, पोलाद २२०-२४० अंशांपर्यंत तापविले तरी त्यावर सोनेरी छटा येते. ती केवळ ऑक्साइडची पातळ साय असते. नायट्राइडचा कठीणपणा तिच्यात नसतो. तेव्हा रंगावर न भुलता थराचे नाव विचारावे व बिलावर लिहून घ्यावे. तसेच यंत्राचा स्पिंडल हलत असेल, तर धार तुटेलच. तेथे कोणतेही कोटिंग कामास येणार नाही.

विक्रेत्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. मालातील ऐब ग्राहकापासून लपवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. नुसता रंग कोटिंगच्या भावाने विकणे हीदेखील मापातील खोटच होय. आज दोन पैसे जादा मिळतील, पण गेलेला भरवसा परत मिळत नाही.